सर्पगंधा : नाव, मूळ आणि सत्त्व

वनौषधींचा इतिहास सांगण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत. एका पद्धतीप्रमाणे प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते आणि आधुनिक विज्ञानाने त्यावर केवळ शिक्कामोर्तब केले. दुसरीप्रमाणे प्राचीनांचे ज्ञान हा निव्वळ योगायोग असून खरे औषध प्रयोगशाळेत जन्मास आले. सर्पगंधेचा इतिहास या दोन्ही पद्धतींनी पुष्कळदा सांगितला गेला आहे, आणि दोन्ही वेळी त्यातील एक महत्त्वाची गोष्ट निसटली आहे. या वनस्पतीस, तिच्या मुळास आणि त्या मुळातून निघालेल्या द्रव्यांस जी नावे वेळोवेळी मिळत गेली, त्या नावांनी संशोधकांची दृष्टी कधी योग्य स्थळी वळविली, तर कधी दीर्घकाळ भलतीकडेच खिळवून ठेविली.

प्रारंभ संस्कृत नावांपासून करावा लागतो. 'सर्पगंधा' आणि 'नाकुली' ही नावे प्राचीन वैद्यकग्रंथांत येतात, आणि तीही बहुधा विषचिकित्सेच्या संदर्भात. परंतु ती आजच्याच वनस्पतीची आहेत असे निःशंकपणे म्हणता येत नाही. अमरकोशात नाकुली, रास्ना, गंधनाकुली, भुजंगाक्षी इत्यादी शब्द एका वनस्पतीचे पर्याय म्हणून एकत्र गुंफलेले आहेत. आणि रास्ना या नावाने तर निरनिराळ्या प्रांतांतील वैद्य आजही निरनिराळ्या वनस्पती वापरतात. 'सर्पगंधा' हा बहुव्रीहीही दुहेरी आहे. जिला सर्पासारखा गंध आहे ती, असा एक विग्रह. जिच्या गंधाने सर्प दूर जातो ती, असा दुसरा अर्थ टीकाकारांच्या परंपरेस सोयीचा. युरोपीय लेखकांनी यात तिसऱ्याची भर घातली : मुळाचा आकार सर्पासारखा वळलेला असतो म्हणून हे नाव. एका नावाची तीन कारणे सांगितली जातात तेव्हा खरे कारण विसरले गेले आहे, असेच सामान्यतः समजावे.

नाकुलीचा संबंध नकुलाशी, म्हणजे मुंगसाशी. सर्पाशी झुंजण्यापूर्वी वा झुंजीनंतर मुंगूस एक मूळ खाते आणि त्यायोगे त्यास विष बाधत नाही, ही समजूत या देशात फार जुनी आहे. तिची पहिली छापील युरोपीय नोंद गोव्यात झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि १५६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात 'सर्पकाष्ठा'चे तीन प्रकार वर्णिले आहेत आणि मुंगसाची कथाही आली आहे. त्यांपैकी एक प्रकार म्हणजे आजची सर्पगंधा होय असे अनेक अभ्यासक मानतात. येथे भाषेच्या अभ्यासकास थोडे थांबावेसे वाटेल, कारण या प्राण्याचे युरोपीय भाषांतील नाव मराठी 'मुंगूस' या शब्दापासूनच गेले आहे, आणि प्राण्याबरोबर त्याचे मूळही प्रवासास निघाले. पुढे लिनियसने १७५३ साली 'मुंगोस' हे विशेषण ज्या वनस्पतीस जोडले ती सर्पगंधा नव्हे, वेगळ्याच कुळातील आहे. सर्पगंधेस त्याने 'ओफिऑक्सायलॉन सर्पेंटिनम' म्हटले; त्याचा अर्थ पुन्हा 'सर्पकाष्ठ' असाच. एक मराठी शब्द आणि एक पोर्तुगीज कल्पना, दोन्ही लॅटिन वेष धारण करून दोन वेगवेगळ्या झाडांवर जाऊन बसल्या.

आज शास्त्रमान्य असलेले 'रौवोल्फिया सर्पेंटिना' हे नाव तर अधिकच चमत्कारिक. लेओनहार्ट रौवोल्फ हा औग्सबुर्गचा वैद्य १५७३ ते १५७६ या काळात पूर्व भूमध्य प्रदेशात आणि मेसोपोटेमियात हिंडला. आलेप्पोतील कॉफीपानाचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानात तो कधीच आला नाही. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली त्याचे नाव एका अमेरिकी प्रजातीस दिले, आणि त्या प्रजातीत कालांतराने आपली सर्पगंधा समाविष्ट झाली. ज्याने हे झुडूप पाहिले नाही त्याचे नाव ते मिरविते, आणि ज्यांनी ते हाताळले त्यांची नावे बोलींत राहून गेली.

त्या बोलींकडे वळल्यास निराळाच प्रकार दिसतो. कोकणात या झुडपास अडकई किंवा हरकई म्हणत. मुंबईत दीर्घकाळ काम केलेल्या विल्यम डायमॉकने आपल्या सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ च्या दरम्यान प्रसिद्ध केलेल्या औषधिकोशात नोंद केली आहे की, दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे मजूर या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगीत आणि पोटाच्या दुखण्यावर ते वापरीत. या उपयोगात सर्प नाही आणि उन्मादही नाही. उलट उत्तरेकडे आणि बिहार-बंगालात हेच मूळ 'पागल की दवा' म्हणून विकले जाई. 'छोटा चाँद' हे त्याचे दुसरे हिंदी नाव. चंद्राचा आणि वेडाचा संबंध जोडून या नावाची उपपत्ती काही इंग्रजी लेखनात दिलेली आढळते. परंतु ती त्यांच्या भाषेतील वेडवाचक शब्दाची छाया या नावावर पाडून केलेली दिसते आणि ग्राह्य मानण्याचे कारण नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच की, संस्कृत नाव विषाकडे बोट दाखवीत होते, कोकणी नाव काहीच सांगत नव्हते, आणि बाजारातील गावंढळ हिंदी नाव तेवढे मुळाच्या मुख्य गुणाशी प्रामाणिक होते. विसाव्या शतकातील संशोधन सुरू झाले ते या तिसऱ्या नावापासून.

१९३१ या एकाच वर्षी दोन निबंध प्रसिद्ध झाले. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी मुळाचे चूर्ण २० ते ३० ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोन वेळा दिल्यास उन्मत्त रुग्ण शांत होतो व रक्तदाबही उतरतो असे नोंदविले. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी त्याच मुळातून स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी काहींना त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन अशी नावे दिली. उरलेल्यांस सर्पेंटीन व सर्पेंटिनीन. पहिल्या निबंधात गुण होता, पण द्रव्य नव्हते. दुसऱ्यात द्रव्ये होती, पण मूळ शामक गुण त्यांच्यात फारसा नव्हता.

नावाने घातलेली भूल येथे स्पष्ट दिसते. ज्याचे स्फटिक बनतात, ज्याचा द्रवणांक मोजता येतो आणि ज्यास नाव देता येते ते शुद्ध, आणि म्हणून तेच महत्त्वाचे, ही रसायनशास्त्राची त्या काळची धारणा होती. ती अगदी अवाजवी होती असेही नाही. परंतु स्फटिक काढून घेतल्यावर जी चिकट तपकिरी राळ उरे, तिला नाव नव्हते. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी १९३३ पासून या मुळाचे औषधिशास्त्रीय परीक्षण करीत होते. १९४४ साली गुप्ता, काहाली व दत्त यांनी डेहराडूनकडील मुळांपासून मिळविलेल्या राळयुक्त अंशात निद्राकारक गुण असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे द्रव्य कोठे आहे हे १९४४ मध्ये कलकत्त्यात ठाऊक झाले होते. त्या राळेतून ते बाहेर काढण्यास आणखी ८ वर्षे लागली, आणि ते निघाले बाझलमध्ये.

या मधल्या काळातील दुवा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अतिरक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा परिणाम तपासून आपला निबंध १९४९ साली ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. देशातील वैद्य व डॉक्टर हे औषध त्यापूर्वीच वापरीत होते. वकिलांनी त्याची मोजमापे ठेविली आणि ती जेथे वाचली जातील अशा ठिकाणी ठेविली. या दुसऱ्या गोष्टीचे मोल कमी लेखू नये. १९३१ व १९४४ चे निबंध हिंदुस्थानातील नियतकालिकांत होते आणि तेथेच पडून राहिले. १९४९ चा निबंध बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला, त्यांनी १९५० पासून ते मूळ आपल्या रुग्णांस देऊन पाहिले आणि १९५२ मध्ये त्याविषयी अनुकूल मत प्रसिद्ध केले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले; त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात हे औषध वापरणारे नेथन क्लाइन हेही होते.

१९५२ साली सिबा या औषधसंस्थेतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी बाझल येथे राळेतून शामक द्रव्य वेगळे केले आणि त्यास 'रेसरपीन' हे नाव दिले. वनस्पतीच्या लॅटिन नावातील अक्षरे मोडूनजोडून हा शब्द घडविला आहे. त्यातला 'सर्प' पुसट झाला तरी गेलेला नाही. पूर्वी दोन ग्रॅम चूर्ण लागे, तेथे आता मिलिग्रॅमचा अंश पुरू लागला. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसरपीनचे संपूर्ण संश्लेषण केले. मागणी इतकी वाढली की भारत सरकारने १९५५ मध्ये कच्च्या मुळाच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि परदेशी कारखाने आफ्रिकेतील एका सजातीय झाडाकडे वळले.

रेसरपीनचे औषध म्हणून महत्त्व पुढे ओसरले, कारण त्याहून सुरक्षित औषधे आली. परंतु संशोधनाचे साधन म्हणून त्याने जे केले ते कोणत्याही रक्तदाबाच्या गोळीने केलेले नाही. १९५५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे प्लेचर, शोर व ब्रोडी यांनी दाखविले की, रेसरपीन दिल्यावर मेंदूतील सिरोटोनिनचा साठा रिता होतो. मनाची अवस्था आणि मेंदूतील एका रसायनाची मात्रा यांचा प्रयोगाने जोडलेला हा पहिल्या काही संबंधांपैकी एक होय. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसरपीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. डोपामीन हे केवळ दुसऱ्या द्रव्याचे पूर्वरूप नसून मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, ही कल्पना तेथून रुजली. कंपवातावरील एल-डोपाचा उपचार तिच्यातून निघाला, आणि कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हेच एल-डोपा मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. सर्पगंधेने आणलेल्या जडत्वावरील उतारा आपल्याच रानातील शेंगेत होता; दोन्ही झाडे एका रानात वाढत असता त्यांची गाठ सशाच्या मेंदूत पडावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

रेसरपीनने काही रुग्णांत विषण्णता येते असे १९५० नंतरच्या दशकात वारंवार लिहिले गेले आणि १९६५ च्या सुमारास पूर्ण आकारास आलेल्या विषण्णतेच्या रासायनिक उपपत्तीचा ते एक आधारस्तंभ बनले. तथापि १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व विषण्ण रुग्णांत रेसरपीनचा फायदा होतो असे नोंदविले होते. ही नोंद पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर समीक्षेत जुन्या चाचण्या पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा परिणाम दोन्ही बाजूंचे आढळले आणि 'रेसरपीन विषण्णता आणते' हे सरसकट विधान टिकले नाही.

रेसरपीन नेमके काय करते हे आता अणूंच्या पातळीवर दिसू लागले आहे. मज्जापेशीत डोपामीन, सिरोटोनिन इत्यादी द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत भरून ठेवणारे एक वाहक प्रथिन असते. १९९२ साली त्याचा जनुक हाती आला. रेसरपीन या वाहकास घट्ट चिकटते. द्रव्य पुटिकेबाहेरच राहते आणि पेशीतील विकरे ते मोडून टाकतात. औषध थांबविल्यावरही परिणाम दिवसेंदिवस रेंगाळतो तो यामुळे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या रचनांत हा वाहक रेसरपीनसह दिसतो : त्याचे तोंड पेशिद्रवाकडे उघडे राहिलेले आणि त्याच स्थितीत तो जखडलेला. रेसरपीनची नक्कल शोधताना १९५० नंतरच्या दशकात निघालेले टेट्राबेनाझीन त्याच वाहकास निराळ्या स्थितीत अडविते. त्याच्या वंशातील दोन औषधांना अमेरिकेत २०१७ साली अनैच्छिक हालचालींच्या विकारांवर मान्यता मिळाली.

मागे टाकलेल्या अजमलीनचीही कथा संपलेली नाही. शामक म्हणून ते निरुपयोगी ठरले, परंतु हृदयाच्या विद्युत्‌लयीवर त्याचा परिणाम होतो. १९९२ साली ब्रुगादा बंधूंनी तरुण वयात अकस्मात मृत्यू आणणारा एक हृद्‌विकार वर्णिला. त्याचे लपलेले रूप उघडे करण्यासाठी युरोपातील रुग्णालयांत शिरेतून अजमलीन देऊन विद्युत्‌हृदालेख काढला जातो. दिल्लीच्या हकिमांचे नाव अशा रीतीने एका चाचणीत रोज उच्चारले जाते. उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कोणाचे, हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

नावाचा मूळ प्रश्न मात्र बाजारात अद्याप जसाच्या तसा आहे. सर्पगंधा १९९० पासून वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मूळ खणले की झुडूप जाते, आणि कोकणात व सह्याद्रीच्या रानांत ते विरळ झाले आहे. सर्पगंधा म्हणून विकल्या जाणाऱ्या मुळांत त्याच प्रजातीतील दुसऱ्या झाडांची मुळे मिसळलेली असतात. वाळलेल्या, कापलेल्या वा चूर्ण केलेल्या मुळाची ओळख डोळ्यांनी पटत नाही. २०१३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी जनुकीय खुणांवरून ती पटविण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती सीमाशुल्काच्या नाक्यावर अडविलेल्या मालासाठी. पुडीवर लिहिलेले नाव कोणत्या झाडाचे आहे, हे ठरविण्याचे काम आता त्या खुणांकडे आले आहे.