बढतीचा रकाना

मुलाने पदवी घेतली म्हणजे वर्धा जिल्ह्यात त्याच्या बापाला ‘पोरगा काय शिकला’ असे सहसा कोणी विचारीत नाही. ‘पोरगा कुठं लागला’ असे विचारतात. तो एकदाचा लागला, आणि चार-दोन वर्षांनी पोळ्याला किंवा दिवाळीला घरी आला, म्हणजे पारावर त्याच प्रश्नाची पुढची आवृत्ती निघते : ‘साहेब झाला का नाही अजून?’ विद्या, चाकरी आणि बढती या तिन्हींची साखळी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती केव्हा तरी कोणी तरी घडविली असेल असे मनातही येत नाही. आणि ती तोडून पाहण्याचा या देशातला कदाचित सर्वांत हट्टी प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, वर्धा स्टेशनापासून तीन कोसांच्या आत झाला, हे तर त्या स्टेशनावरून नोकरीच्या गावी जाणाऱ्यांना क्वचितच आठवते.

वर्धा शहर हे मुळातच दप्तराचे अपत्य. नागपूर जिल्ह्याचा पसारा एका साहेबाच्या हाती आवरेना म्हणून 1862 साली त्याचा नैर्ऋत्येकडील भाग तोडून हा जिल्हा केला गेला. कचेरी आरंभी पुलगावाजवळच्या कवठ्यास होती, ती 1866 साली पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी आणली, आणि तेथे सरळ रेघांचे रस्ते आखून जे गाव वसविले ते वर्धा. अर्थात या गावाला पेठेपूर्वी कचेरी लाभली; कापसाची खरी पेठ तिकडे हिंगणघाटला होती. पाठोपाठ रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि कारकून, नाझर, नायब तहसीलदार, तहसीलदार, ई. ए. सी. (एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर) अशी जी पायऱ्यांची उतरंड सरकारने रचली होती तिच्या पायथ्याशी इंग्रजी शिकलेल्या उमेदवारांची रांग लागली. त्या पायऱ्या चढण्याचा परवाना नागपुरात मिळे. हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मॉरिस कॉलेज 1885 चे. परीक्षा मात्र दूरच्या कलकत्ता वा अलाहाबाद विद्यापीठाची, आणि नागपूरला स्वतःचे विद्यापीठ लाभावयास 1923 चा ऑगस्ट उजाडावा लागला. बी. ए. होणे म्हणजे सनद मिळविणे, आणि सनद म्हणजे दरबारात उभे राहण्याचा हक्क, हा पेशवाईपासूनचा अर्थ इंग्रजी अमलातही तसाच टिकून राहिला. बदलला तो केवळ मोहरेचा शिक्का.

या शहरात 1921 च्या एप्रिलात एक पंचविशीतला ब्रह्मचारी आश्रम चालविण्यासाठी येऊन दाखल झाला. विनायक नरहर भावे ऊर्फ विनोबा याने पाच वर्षांपूर्वी बडोद्यात आईच्या देखत आपली प्रशस्तिपत्रके चुलीत घातली होती, आणि इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघून मध्येच सुरतेला गाडी बदलून काशीची वाट धरली होती. त्याला येथे आणविणारे जमनालाल बजाज स्वतः जेमतेम चार इयत्ता शिकलेले; पण 1914 साली मारवाडी शिक्षा मंडळ स्थापन करून शहरातील शिक्षणाचा पाया त्यांनीच घातला होता. सरकारने दिलेली रायबहादुरी जमनालालजींनी असहकारात परत केली, आणि जे वकील वकिली सोडतील त्यांच्या निर्वाहासाठी एक लक्ष रुपये काढून ठेवले. या देणगीकडे इतिहासकारांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही असे मला नेहमी वाटते. हुद्द्यावर चढणाऱ्याला वेतन देणारी सरकारे आजवर पुष्कळ झाली, परंतु उतरणाऱ्याच्या पोटाची तजवीज करणारा हा सावकार विरळाच. आणि त्यातील व्यवहारचातुर्य असे की, त्यागाच्या आड बहुधा तत्त्व येत नाही, घरभाडे येते, हे त्या व्यापाऱ्याने अचूक ओळखले होते. श्रीकृष्णदास जाजूंसारखे नामांकित वकील वकिलीला रामराम ठोकून पुढे चरखा संघाचे हिशेब पाहू लागले, ते याच काळातले.

परंतु या उलट्या बढतीचे पूर्ण रूप पाहावयाचे तर मगनवाडीतच पाहावे. जमनालालजींची ही फळबाग. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर त्याचे ठाणे येथे पडले, आणि त्याचे चिटणीस म्हणून जे गृहस्थ येथे राहावयास आले त्या जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पांची कारकीर्द पारावरच्या कोणत्याही मापाने मोजली तरी डोळे दिपविणारी होती. तंजावरचा हा ख्रिस्ती तरुण लंडनात हिशेबतपासनीस झाला, मुंबईत त्याने स्वतःची पेढी चालविली, मग अमेरिकेत सिरॅक्यूज येथे व्यापारशास्त्राची पदवी घेऊन कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मनसारख्या जगन्मान्य अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली सार्वजनिक अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला, आणि तो प्रबंध हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे सरकारी जमाखर्चातच शोधणारा निघाल्यामुळे 1929 साली तो गांधीजींच्या दारी येऊन पोहोचला. अशा मनुष्याने मगनवाडीत काय करावे? तेलघाणीला बैल किती वेळात किती तेल काढतो, हातसडीच्या तांदळात कोंड्याबरोबर काय उरते आणि गिरणीत काय जाते, हातकागदाच्या लगद्याला चुना किती लागतो, मधमाश्यांची पेटी खेड्यातल्या सुताराला जमेल काय, असले हिशेब त्याने मांडले. आणि मोठमोठ्या कंपन्यांचे ताळेबंद तपासलेल्या डोळ्यांनीच मांडले, हे विसरता कामा नये. तो खाली उतरला हे खरे. पण पदवी फेकून उतरला नाही, घेऊन उतरला, आणि येथेच विनोबांचा मार्ग आणि कुमारप्पांचा मार्ग एकमेकांपासून वेगळे होतात. पुढे तुरुंगवासात त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. ती वाचून गांधीजींनी त्यांना ‘डी. डी.’ आणि ‘डी. व्ही. आय.’ अशा दोन पदव्या देऊन टाकल्या. पहिली धर्मशास्त्राची, दुसरी ग्रामोद्योगाची. आणि ही दुसरी पदवी पृथ्वीच्या पाठीवर कोणत्याही विद्यापीठात मिळत नसल्याने कुमारप्पा हे तिचे पहिले आणि बहुधा शेवटचे मानकरी ठरले. थट्टा होती, परंतु ती अक्षरे पुस्तकांवर त्यांच्या नावापुढे छापली जात, म्हणजे ज्याने सगळी शिडी मागे टाकली त्यालाही शेवटी एक पायरी बक्षीस द्यावीशी वाटली, हा त्या थट्टेतला मनुष्यस्वभावाचा भाग.

मगनवाडी आणि गांधीजींचे सेवाग्राम यांच्या तेजाने डोळे दिपले म्हणजे शेजारचे वर्धे दिसेनासे होते, तसे मात्र होऊ देऊ नये. ज्या काळात घाणीचे तेल मोजले जात होते त्याच काळात, 1940 साली, याच शहरात याच बजाजांच्या शिक्षा मंडळाने गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले, आणि वऱ्हाड-नागपूरची मुले तेथे द्विनोंदी जमाखर्च शिकून पेढ्यांवर आणि बँकांत चिकटू लागली. त्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल हे जमनालालजींचे जामात. 1944 साली त्यांनी ‘गांधीयन प्लॅन’ लिहिला तो प्राचार्यपदावर असतानाच. म्हणजे सकाळी वर्गात नफातोट्याचा ताळेबंद, आणि रात्री मेजावर स्वयंपूर्ण खेड्याची योजना! आणि पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे : 1952 साली ते वर्ध्यातूनच लोकसभेत गेले, काँग्रेसचे सरचिटणीस झाले, नियोजन मंडळाचे सदस्य झाले, नेपाळात राजदूत झाले आणि 1967 साली गुजरातचे राज्यपाल. ज्या गावाने शिडीचा निषेध केला त्या गावातून निघालेली माणसे इतक्या उंच पायऱ्यांवर दिसावीत, याला कोणी ढोंग म्हणेल. मी तसे म्हणत नाही. राज्य बदलले म्हणजे काल ज्या पात्रतेने तुरुंग मिळत होता तिनेच आज हुद्दा मिळतो, इतकाच त्याचा अर्थ. हुद्द्यांचे भाव वर्ध्यात ठरत होते ते तर स्वराज्यापूर्वीच. 1938 च्या जुलैत डॉ. खरे यांचे मध्य प्रांताचे प्रधानपद गेले आणि पंडित रविशंकर शुक्लांना मिळाले, तो सारा मामला याच शहरात निकालात निघाला.

ज्यांची गोष्ट सांगणारा कोणी भेटत नाही ते नई तालीमचे विद्यार्थी. मारवाडी शिक्षा मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी नवभारत विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली. बर्लिनचे डॉक्टर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांचे सक्तीचे, मातृभाषेतले आणि हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले शिक्षण असावे, असा तिचा अहवाल डिसेंबरात तयार झाला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने ती कल्पना उचलली. हीच नई तालीम, अर्थात वर्धा योजना. हिंदुस्थानी तालिमी संघ सेवाग्रामात आला. सिंहलद्वीपाचे आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी, दोघेही शांतिनिकेतनात काम केलेले, त्याचा कारभार पाहू लागले. तेथली मुले सूत कातीत, भाजीपाला पिकवीत, स्वयंपाकघराचा हिशेब ठेवीत आणि त्या हिशेबातूनच गणित शिकत. बुनियादीवर उत्तर बुनियादी, तिच्यावर उत्तम बुनियादी अशी पूर्ण इमारत मनात उभी होती. मात्र या इमारतीतून बाहेर पडणारे दार कोठे उघडते, हे कोणी नीट पाहिले नाही. उत्तर बुनियादी पुरी केलेल्या मुलाचे प्रमाणपत्र अनेक विद्यापीठांना प्रवेशास पुरेसे वाटेना, आणि जेथे मॅट्रिक ही किमान अट छापलेली तेथे सरकारी कचेरीतही ते चालेना. परिषदेच्या व्यासपीठावर बसलेल्या मोठ्या माणसांपाशी परदेशी पदव्या होत्या. त्या झिडकारण्याची ऐट त्यांना परवडत होती. झाकिर हुसेन तर पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि 1967 साली राष्ट्रपती झाले. ज्या मुलाच्या हाती झिडकारण्यासारखे काही नव्हतेच त्याला मात्र त्यागाचे पुण्यही मिळाले नाही आणि कारकुनीही मिळाली नाही. सरकारांनी बुनियादी शाळांच्या पाट्या लावल्या, टकळ्या वाटल्या, आणि सरकारी अधिकाऱ्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळांत धाडली. तेव्हा गावकऱ्यांनी जे ओळखायचे ते ओळखले. वर्धा योजना फसली असे म्हणतात. माझ्या मते ती शाळेत फसली नाही, सेवापुस्तकात फसली.

त्या मानाने राष्ट्रभाषा प्रचार समिती अधिक धोरणी म्हणावी लागेल. 1936 साली वर्ध्यात स्थापन झालेल्या या संस्थेने परिचय, कोविद, रत्न अशा परीक्षांची उतरंडच रचली, आणि अहिंदी प्रांतांतून लक्षावधी माणसे त्या परीक्षांना बसली. कोणी राष्ट्रप्रेमाने बसला असेल, कोणी पगारवाढीच्या आशेने. दोन्ही हेतू एकाच अर्जात बेमालूम मावत, हेच त्या परीक्षांचे मर्म. समितीने 1975 साली नागपुरास विश्व हिंदी संमेलन भरविले, त्यात उठलेल्या मागणीचे फळ म्हणजे 1997 पासूनचे येथले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते असे, कोविदांच्या वाटेने.

जाताजाता त्याच वाणिज्य महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापकाचे उदाहरण सांगितले पाहिजे. ठाकुरदास बंग हे तेथे अर्थशास्त्र शिकवीत. 1945 च्या सुमारास अमेरिकेत पुढील अध्ययनाची त्यांची सोय झाली, तेव्हा निघण्यापूर्वी ते गांधीजींच्या आशीर्वादासाठी सेवाग्रामला गेले. अर्थशास्त्र शिकायचे तर अमेरिकेत नव्हे, खेड्यात जा, एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन त्यांनी प्रवेशाची कागदपत्रे फाडली आणि खेड्याची वाट धरली. त्यांचे चिरंजीव अभय बंग सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकले, नागपुरात डॉक्टर झाले, आणि 1984 साली पत्नी डॉ. राणी यांच्यासह बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन पुढे गडचिरोलीस गेले. बापाने ज्या देशाचा कागद फाडला त्या देशातून मुलाने कागद आणला आणि तो खेड्यातल्या अर्भकांचे मृत्यू मोजण्याच्या कामी लावला. कुमारप्पांची वाट दुसऱ्या पिढीत पुन्हा चालली गेली ती अशी.

त्याच जॉन्स हॉपकिन्सच्या आणखी एक पदवीधर म्हणजे डॉ. सुशीला नायर. गांधीजींच्या वैद्य, दिल्ली विधानसभेच्या सभापती, 1962 ते 1967 केंद्रात आरोग्यमंत्री. आणि एवढी शिडी चढून झाल्यावर त्या सेवाग्रामी परतल्या. गांधी-शताब्दीच्या वर्षी, 1969 साली, त्यांनी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नवा विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतो, खादी वापरतो, श्रमदान आणि सर्वधर्मप्रार्थना करतो. मग एका खेड्यात शिबिरासाठी जातो आणि तेथली काही कुटुंबे त्याच्याकडे सोपविली जातात, त्यांच्या दुखण्याखुपण्याची नोंद त्याने शिक्षण संपेपर्यंत ठेवायची. प्रवेशपरीक्षेत कित्येक वर्षे गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. या प्रश्नपत्रिकेसाठीही मार्गदर्शक पुस्तके निघाली आणि अपरिग्रहावरील संभाव्य प्रश्न मुले रात्रभर पाठ करीत बसली, तर त्यात नवल कसले!

परंतु सुशीलाबहेनच्या संस्थेने नई तालीमच्या अपयशातून एक गोष्ट हेरली होती, असे तिच्या नियमांवरून दिसते. तिने पदवी झिडकारली नाही. तिची पदवी आरंभी नागपूर विद्यापीठाची आणि आता नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाची, जशी इतर कोणाही डॉक्टरची तशीच, कोणत्याही कचेरीत चालणारी. फक्त आपल्या पदवीधराला येथेच पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा केलेली असावी, अशी अट तिने घातली. विनोबांच्या काळी खेडे हा शिडीचा शेवट होता. या नियमाने ते शिडीतच एक पायरी म्हणून ठोकून बसविले. त्या दोन वर्षांत कोणी भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस खोडीत बसतो, कोणी गुंतून पडतो, आणि दोघांनाही प्रमाणपत्र एकच मिळते.