हजेरीला न आलेला कीबोर्ड

रामाकोन्याहून सौंसर, सावनेर करीत नागपूर गाठणारी, बंगाल-नागपूर रेल्वेच्या अमदानीपासून चालत आलेली 762 मिलिमीटरची छोटी लाईन 2015 च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली. त्याच सुमारास नव्या संगणकांतूनही एक जुनी वाट मुकाट्याने काढून टाकण्यात आली, आणि तिचा सुगावा टंकलेखकांना लागला तो यंत्र सुरू करताना कीबोर्ड व माऊस दोन्ही निश्चेष्ट पडू लागल्यावर.

बटण दाबताच यंत्रात प्रथम हजेरी होते. 1984 च्या आय.बी.एम. ए.टी. यंत्राने रूढ केलेल्या रिवाजाप्रमाणे कीबोर्डाला आत्मपरीक्षणाचा हुकूम सुटतो, तो आपले तीन दिवे क्षणभर लावून जबाब देतो, आणि मगच पुढील कारभार चालतो. जबाब न आल्यास ‘कीबोर्ड नाही, एफ-वन दाबा’ असे फर्मान पडद्यावर उमटे; मयताने दाखल्यासाठी समक्ष हजर राहावे, अशातलाच हा प्रकार. 1987 साली पी.एस./टू यंत्रांबरोबर आलेल्या सहा पिनांच्या वाटोळ्या खुंट्या कीबोर्डाला व माऊसला सारख्याच असल्याने त्यांची अदलाबदल ठरलेली. जांभळा कीबोर्डाचा, हिरवा माऊसचा, हा रंगभेद सुमारे तपाने आला. चालू यंत्रात खोचलेली खुंटी बहुधा ओळखली जात नसे, पुन्हा सुरुवात करावी लागे. कित्येकदा दोष न खुंटीचा न तारेचा: कोणी जाडजूड रजिस्टर कीबोर्डावर टेकवलेले असे, आणि दाबलेली कळ पाहून यंत्र अडून बसलेले असे.

1996 मध्ये यू.एस.बी. आली, तेव्हा जुनीच भाषा समजणाऱ्या यंत्रांसाठी दुभाष्याची तजवीज करावी लागली. बायॉसमधील ‘लेगसी सपोर्ट’ तो हा दुभाष्या. आम्हां सौंसर तहसिलीतील लोकांस त्याची महती सांगावयास नको. जुन्या मध्य प्रदेशाने 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा केल्या, पण 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही येथेच राहिलो, आणि घरात मराठी, दप्तरात हिंदी असा व्यवहार अंगवळणी पडला.

विंडोज सुरू होताच मात्र ती दुभाष्यास रजा देऊन सूत्रे स्वतः घेते, आणि तिच्यापाशी योग्य ड्रायव्हर नसला की क्षणापूर्वी बायॉसमध्ये चालणारा कीबोर्ड मुका होतो. 2009 ची विंडोज सेव्हन 2015 च्या इंटेल बोर्डांवर चढवताना नेमके हेच झाले: त्या बोर्डांनी यू.एस.बी.ची जुनी नियंत्रणव्यवस्था वगळली होती, नव्या व्यवस्थेचा ड्रायव्हर डिस्कवर नव्हता, आणि भाषा निवडण्याच्या पहिल्याच पडद्यावर माऊसचा बाण हलेना. नव्या व्यवस्थेच्या निळ्या खाचेतून जुन्या व्यवस्थेच्या काळ्या खाचेत तार बदलण्याचा उपाय त्याआधीच्या बोर्डांवर चाले, येथे तोही फसला.

गावातील एका ऑनलाईन केंद्राच्या चालकाने अशा प्रसंगासाठी एक पिवळा पडलेला कीबोर्ड कपाटावर पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवला आहे. त्याच्या कळांवरील अक्षरे निम्मी झिजली आहेत. परवा त्याने यंत्र बंद केले, मागे वाकून सुदैवाने उरलेल्या वाटोळ्या खाचेत जांभळी खुंटी चाचपून बसवली आणि बटण दाबले. तिन्ही दिवे एकदम लागून विझले.