न लागलेला लाल दिवा

जुलै 2019, शनिवार. रात्री 10:24ला कसारा घाटाच्या उतारावर आमची गाडी बंद पडली, सगळे दिवे विझले. 10:33ला मागून ट्रक आदळला. तेव्हा गाडीत कोणी नव्हतं, हे आधीच सांगतो.

त्या दिवशी सकाळी 7:40, नाशिकचा गंगापूर रोड. किल्ली फिरवली. स्टार्टर दोनदा कण्हला आणि गप्प झाला. शेजाऱ्यांनी धक्का दिला तेव्हा गाडी सुरू झाली. आठवड्यातली ही दुसरी वेळ. बुधवारी गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला होता. गुरुवारी तो दिसला नाही. गेला आपोआप, असं मी घरी सांगितलं.

संध्याकाळी 5:20, बॅटरीचं दुकान. "चार वर्षं झाली ना? संपली ही." 35 अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसली. दुकानातल्या मुलाच्या हातात मीटर होतं. "डायनामो चार्जिंग देतोय का बघू का, काका?" अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावायचं. 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर ठीक. साडेबाराच्या आसपास राहून आकडा उतरतच गेला, तर बॅटरी बदलून उपयोग नाही. दोन मिनिटांचं काम. पाऊस वाढला होता, आई तयार होऊन बसली होती. "राहू दे, सोमवारी बघू," मी म्हणालो.

8:50. कल्याणला मामाकडे निघायचं होतं. डिकीत चार बॅगा बसल्या. रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण त्यांच्या खाली गेला.

9:05. किल्ली अर्धी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. बॅटरीचा लागला नाही.

आमच्या 2001च्या गाडीत या दिव्यातून थोडासा प्रवाह डायनामोतल्या दोन कार्बन ब्रशांमधून आतल्या फिरत्या गुंडाळीत जातो. तेवढ्यावर तिच्यात चुंबकत्व येतं आणि वीज तयार व्हायला सुरुवात होते. कार्बन झिजून टेकेनासे झाले की ही वाटच तुटते. मग चार्जिंग बंद, आणि ते सांगणारा दिवाही बंद. वडील मायकोत होते, आजच्या बॉशमध्ये. "किल्ली फिरवली की आधी दिवे मोज," असं ते नेहमी सांगायचे. मी त्या रात्री डॅशबोर्डकडेच बघत होतो. मोजले नाहीत.

नवी बॅटरी होती, इंजिन लगेच सुरू झालं.

9:22, मुंबई नाका. हेडलाइटना सुमारे 9 अँपिअर, वायपरला 4, काचेवर वाफ धरू नये म्हणून लावलेल्या पंख्याला 6, पेट्रोलपंप आणि इग्निशनला आणखी 6. बेरीज 25. भरून काहीच येत नव्हतं. 35च्या बॅटरीत जेमतेम सव्वा तास होता, त्यातली 17 मिनिटं गेली होती.

9:40, विल्होळीच्या पुढे. आईने विचारलं, "गाडी नीट आहे ना रे?" नवी बॅटरी टाकलीय, असं मी सांगितलं.

9:58, घोटी टोलनाका. पैसे द्यायला काच खाली घेतली. वर करताना ती रखडत, थांबत वर आली. पावसाने रबर फुगलं असेल, असं वाटलं.

10:09, इगतपुरी. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, दिवे पिवळे पडलेत." मी म्हणालो, धुकं आहे. धुकं होतंच. रस्त्याच्या कडेला हॉटेलं होती, उजेड होता, गाडी उभी करायला जागा होती. या मिनिटाशी मी पुन्हापुन्हा येऊन थांबतो. पुढे घाट होता, आणि मी पुढे गेलो.

10:17. वायपर काचेच्या मध्यावर अडखळू लागले. पंखा बंद केला. वायपर थोडे सुधारले.

10:24. इंजिनाने दोन-तीन झटके दिले आणि ते बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्यांदा कडक. गाडी डाव्या कठड्याला लागून थांबली, पण मागचा भाग रस्त्यावरच राहिला. चारही इंडिकेटरचं बटण दाबलं. काही लागलं नाही.

10:27. "मी आतच बसते रे, पाऊस आहे," आई म्हणाली. मी होच म्हणणार होतो. भाऊ म्हणाला, "नाही आई, उतर." त्याने तिला हात धरून कठड्यापलीकडे नेलं.

10:29. डिकी उघडली. मोबाइल तोंडात धरून त्याच्या उजेडात बॅगा उतरवू लागलो. भाऊ वळणाकडे जाऊन टॉर्च हलवत होता.

10:33. तिसरी बॅग हातात होती. भावाची हाक ऐकू आली आणि मी कठड्याकडे उडी मारली. ट्रकवाल्याने ब्रेक लावला होता, ओल्या उतारावर ट्रक घसरत आला. ट्रकवाल्याला लागलं नाही.

बुधवार, सकाळी 11:15, द्वारका. ऑटो इलेक्ट्रिशियनने डायनामो उतरवून खोलला. एक कार्बन बोटाच्या पेराएवढा होता, दुसरा तुरीच्या डाळीएवढा उरला होता. तांब्याच्या रिंगवर काळी खाच पडली होती. नुसते कार्बन बदलून भागणार नव्हतं, म्हणून अख्खा डायनामो नवा घातला. पट्टा ताणून बसवला. "फिरवा किल्ली."

लाल दिवा लागला. इंजिन सुरू होताच विझला. मीटरवर 14.2.

मागची सीट अजून पुढच्या सीटला टेकलेली होती.