क्रोटनची ओळख

बागेच्या कडेला पिवळ्या-तांबड्या पानांचें जें झुडूप ‘क्रोटन’ म्हणून लावलेलें असतें, तें शास्त्रदृष्ट्या क्रोटन नव्हेच. तें नांव खऱ्या अर्थानें जमालगोट्याच्या वंशाचें. दोन्ही झाडें एरंडाच्या कुळांतलीं, एवढाच त्यांचा संबंध.

सतराव्या शतकांत मोलुक्का बेटांपैकीं अंबोन येथें डच कंपनीच्या चाकरींत असलेल्या रुम्फियस नांवाच्या जर्मन पंडितानें तेथील वनस्पतींचा अभ्यास आरंभिला. १६७० सालीं त्याची दृष्टि गेली. १६७४ च्या भूकंपांत पत्नी व कन्या मृत्यु पावल्या. १६८७ च्या आगींत चित्रें जळालीं. तरीहि लेखनिकांच्या साह्यानें त्यानें ग्रंथ पुरा केला. १७०२ सालीं तो वारला, व १७४१ पासून ग्रंथ छापून निघूं लागला. या झाडाच्या स्थानिक नांवावरून त्यानें ‘कोडिएम’ हें नांव योजिलें होतें. रंगांनीं नटलेल्या झाडाची ही नोंद एका अंधाच्या ग्रंथांतून जगापुढें आली!

पुढें १७५३ सालीं लिनीयसनें हें झाड क्रोटन वंशांत घातलें. १८२४ सालीं जुसियनें तें वेगळें काढून रुम्फियसचें नांव त्यास परत दिलें. परंतु माळ्यांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें.

१८६४ नंतर जॉन गूल्ड व्हीच यानें दक्षिण समुद्रांतील बेटांवरून अनेक नवे प्रकार इंग्लंडांत नेले, आणि कांचगृहांतून त्यांची हौस वाढली. प्रत्येक प्रकाराला नांव मिळालें. पण तें ओळखावें कसें? कोंवळें पान बहुधा हिरवें-पिवळें, तेंच जून झाल्यावर तांबडें. सावलींत वाढलेलें पान उन्हांतल्याहून निराळें. एखादी फांदी अकस्मात् वेगळाच रंग घेते, आणि बियांपासून झालेलीं रोपें मातृवृक्षासारखीं निघतीलच असें नाहीं.

म्हणून एका पानावरून निर्णय करूं नये. भरपूर उजेडांत वाढलेल्या झाडाचीं जून पानें घ्यावीं. प्रथम आकार पाहावा—रुंद, अरुंद, पिळदार, कीं मधल्या शिरेनें जोडलेले दोन तुकडे—आणि मग रंग, ठिपके व शिरा. तरीहि पुष्कळदां निर्णय लागत नाहीं. कारण हे प्रकार फांदी लावून किंवा गुटी बांधून टिकवावे लागतात, आणि मूळ झाड कोणतें, हें त्या हस्तांतरांत विसरलें जातें. फांदीबरोबर तिचें नांवहि लिहून देण्याची संवय ज्या बागेंत आहे, तेथें ही ओळख पिढ्यानुपिढ्या टिकते.