जुन्या यंत्रास नवी स्मृती

बेळगावला खेटून वसलेले शहापूर हे विणकरांचे गाव म्हणून दीर्घकाळ ओळखले गेले आहे. सांगलीच्या पटवर्धन संस्थानातील हे ठाणे १९४८ साली मुंबई प्रांतात आले आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे गेले. राजवटी बदलल्या, पण शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतील मागांचा खटखटाट थांबला नाही. संगणकाच्या स्मृतीचा इतिहास सांगताना या मागापासून आरंभ करणे हा केवळ अलंकार नव्हे. यंत्राने काही लक्षात ठेवावे ही कल्पना मूर्त स्वरूपात आली, ती विणकामातच.

१८०४च्या सुमारास फ्रान्समधील लिआँ येथे जोसेफ मारी जॅकार्ड याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर चढविली. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई. नसेल तेथे तो खाली राही. काठापदराची नक्षी अशा रीतीने विणकराच्या बोटांतून पुठ्ठ्यावर उतरली. मात्र एका मापाच्या जॅकार्डसाठी कापलेले पत्ते दुसऱ्या मापावर चालत नाहीत. सुयांची संख्या आणि भोकांमधील अंतर तंतोतंत जुळावे लागते. स्मृती आणि यंत्र यांचे माप एक हवे, हा नियम तेव्हापासूनचा आहे. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पत्ते योजिले, आणि १८९०च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी त्यांवरून माणसे मोजली.

विसाव्या शतकाच्या मध्यास पुठ्ठ्याची जागा लोहचुंबकीय कड्यांनी घेतली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या स्वदेशी संगणकाची स्मृती अशाच कड्यांची होती. तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट. उभ्याआडव्या तारांच्या प्रत्येक छेदावर एक कडी, अशी तिची रचना असे. त्या काळी या कड्या पुष्कळदा हातानेच तारांत ओवल्या जात. विणकराने ते जाळे पाहिले असते, तर त्यास ताणाबाणा सहज ओळखू आला असता.

त्यानंतर बदलाचा वेग वाढला. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली एका ट्रान्झिस्टरच्या स्मृतिपेशीचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलने १,०२४ बिटांची चकती बाजारात आणली. अशा पेशीतील विद्युतभार गळून जातो, म्हणून तो सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. आरंभी या चकत्या मदरबोर्डवर एकेक बसवीत. पुढे त्या लहान पट्टीवर बसवून ती पट्टी खोबणीत खोचण्याची रीत रूढ झाली.

निरनिराळ्या कारखान्यांच्या पट्ट्या एकाच खोबणीत बसाव्यात म्हणून जेडेक या संस्थेने प्रमाणे ठरविली. डीडीआर २००० साली, डीडीआर-२ २००३ साली, डीडीआर-३ २००७ साली, डीडीआर-४ २०१२ साली आणि डीडीआर-५ २०२० साली, असा हा वंशवृक्ष आहे. विद्युतदाब पिढीगणिक उतरत गेला: २.५, १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या पट्टीस पिना सारख्याच २४०. परंतु मधली खाच मुद्दाम सरकविलेली. ही खाच म्हणजे निर्मात्याने घातलेला निर्बंधच होय. जेथे पट्टी सहज बसत नाही, तेथे बळ लावणे म्हणजे पट्टी आणि बोर्ड दोन्ही गमावणे.

खाच जुळली म्हणजे सारे जुळले, असेही नाही. जी-३१ जातीच्या बोर्डाची मर्यादा ४ गिगाबाइट. तेथे अधिक भर घालणे व्यर्थ. जी-४१ जातीच्या डीडीआर-३ बोर्डाची अडचण याहून सूक्ष्म आहे. ४ गिगाबाइटच्या पट्टीवर सोळा चकत्या असतील तर ती चालते. तितकीच स्मृती आठ दाट चकत्यांत कोंबलेली असेल तर हा बोर्ड ती नीट ओळखीत नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी, सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ पट्टी घरगुती संगणकात निरुपयोगी ठरते. शिवाय विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती असेल तर ४ गिगाबाइट बसवूनही त्यातील काही भाग वापरात येत नाही. अधिक वेगाची पट्टी मात्र, ती त्याच पिढीची असल्यास, बहुधा कमी वेगाने का होईना काम देते.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु लहान दुकानातील, शाळेतील वा नक्षी काढणाऱ्या कारागिराकडील संगणक कचऱ्यात जावा की आणखी काही वर्षे चालावा, याचा निर्णय पुष्कळदा याच तपशिलावर होतो. यंत्र मंदावले म्हणजे ते मोडीत काढावयाचे, असा सल्ला सहज दिला जातो. वस्तुतः बोर्डाचे नाव, स्मृतीची पिढी, प्रत्येक खोबणीची मर्यादा आणि पट्टीवरील चकत्यांची संख्या, एवढ्या चार गोष्टी आधी कागदावर लिहून घेतल्या, तर जुन्या बाजारातील अल्प किमतीची पट्टीही काम भागविते. पत्ते कापण्यापूर्वी जॅकार्डचे माप घेणाऱ्या कारागिराला ही सावधगिरी नवी नाही.