सीमा, कागदपत्रे आणि बंदरे : ब्रेक्झिटोत्तर मालवाहतुकीचा मार्गबदल

एखादे राष्ट्र व्यापारसंघातून बाहेर पडते तेव्हा चर्चा बहुधा आयातकराच्या दरांभोवती फिरते. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या विभक्तीचा इतिहास मात्र निराळ्या घटकाकडे लक्ष वेधतो. २४ डिसेंबर २०२० रोजी उभयपक्षी संमत झालेल्या कराराने, मूळ-देशाविषयीच्या अटी पूर्ण करणारा माल करमुक्तच राहिला. तरीही मालवाहतुकीचे मार्ग बदलले. कागदपत्रांची सक्ती आणि तीतून उद्भवलेली वेळेची अनिश्चितता, हे त्याचे प्रमुख कारण होय.

ब्रिटन व आयर्लंड हे दोन्ही देश १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. १ जानेवारी १९९३ पासून एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली व अंतर्गत सीमांवरील सीमाशुल्क तपासणी संपुष्टात आली. डोव्हर येथील अनेक क्लिअरिंग एजंटांचा व्यवसाय त्यामुळे बुडाला. बंदराची मात्र भरभराट झाली. खडूच्या उंच कड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या बंदरात मोकळी जागा फारशी नाही. मालमोटारी फेरीबोटीतून उतरून थेट महामार्गाला लागत असल्याने तिची उणीव जाणवत नसे.

आयर्लंडचा व्यापारही याच व्यवस्थेवर विसंबून होता. डब्लिनहून होलीहेड, तेथून रस्त्याने डोव्हर आणि पुढे कॅले, असा हा ब्रिटनच्या भूमीवरून जाणारा 'भूसेतू' थेट सागरी मार्गापेक्षा जलद होता.

१ जानेवारी २०२१ पासून हे गणित बिघडले. भूसेतूवरून जाणाऱ्या मालाला आता संघाबाहेरील प्रदेश ओलांडावा लागे. दुसऱ्याच दिवशी रॉसलेअर ते डंकर्क ही नवी फेरीसेवा सुरू झाली. या प्रवासास सुमारे एक अहोरात्र लागे. तथापि मार्गात सीमाच नसल्याने पोहोचण्याची वेळ निश्चित असे. आयर्लंडहून युरोपच्या मुख्य भूमीकडे जाणाऱ्या थेट फेऱ्या झपाट्याने वाढल्या, तर होलीहेडच्या वाहतुकीत त्याच वर्षी मोठी घट झाली.

ब्रिटनची अडचण दुहेरी होती. युरोपीय संघाने पहिल्या दिवसापासून संपूर्ण तपासणी लागू केली. ब्रिटनने मात्र संघातून येणाऱ्या प्राणिजन्य व वनस्पतिजन्य मालाची तपासणी वारंवार पुढे ढकलली. त्या मालाची प्रत्यक्ष पाहणी ३० एप्रिल २०२४ रोजी सुरू झाली. डोव्हरला जागा अपुरी असल्याने तपासणीचे केंद्र बंदरापासून दूर, ॲशफर्डजवळील सेव्हिंग्टन येथे उभारण्यात आले.

या बदलाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. एकाच प्रकारच्या मालाने मालमोटार भरणाऱ्या मोठ्या उद्योगाला एकाच संचातील कागदपत्रे पुरत. अनेक लहान व्यापाऱ्यांचा माल एकत्र नेणाऱ्या मालमोटारीत मात्र एकाच्या प्रमाणपत्रातील त्रुटीपायी सर्वांचाच माल अडकून पडे. त्यामुळे व्यापारसंघाचे मोल करसवलतींपुरते मर्यादित मानता येत नाही. सीमेवर न थांबण्याची हमी हा त्याचा तितकाच महत्त्वाचा लाभ होता, आणि ती हमी संपताच तिची सर्वाधिक झळ लहान व्यापाऱ्याला बसली.