आजोबांचा देश

परवा भाचीचा फोन आला. ती गेली काही वर्षं बेल्जियममध्ये असते. तिच्या लेकीला शाळेत एक प्रकल्प दिला होता: एका देशाची दोन पानांत ओळख करून द्यायची. इतिहास, भूगोल, आणि तिथली माणसं स्वतःला काय समजतात, असे तीन भाग. पोरीने बेल्जियमवर लिहून झालं होतं. मग बाईंनी सांगितलं म्हणे, आता तुझ्या आजोळच्या देशाबद्दल लिही. "मामाआजोबा, तुम्ही इतिहासवाले ना, तुम्ही सांगा," असं फर्मान सुटलं.

मी म्हटलं, त्यात काय, भारतावर दोन पानं लिहून देतो. बसलो लिहायला. पण "आपले आजोबा-पणजोबा इंग्रजांच्या राज्यात राहत होते" हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. कारण ते खोटं होतं. माझे आजोबा धारूरला जन्मले, धारूरलाच गेले. घर बदललं नाही, गाव बदललं नाही. पण जन्मले ते एका देशात आणि गेले ते दुसऱ्याच देशात. तो पहिला देश आता नकाशावर नाही.

तर मंडळी, पोरीला जे लिहून पाठवलं, ते जरा ऐसपैस करून इथे मांडतोय.

आधी भूगोल. त्या देशाचं नाव हैदराबाद. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार सातशे चौरस मैल, म्हणजे तिच्या बेल्जियमसारखे सात देश त्यात मावले असते. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर. बेल्जियमला निदान समुद्र आहे, याला तोही नव्हता. चारी बाजूंनी जमीन. सोळा जिल्हे: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि आमचं बीड. निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, साधारण चौथा हिस्सा मराठी, आणि राज्यकारभार मात्र आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत. बेल्जियममध्ये उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच, पूर्वेच्या एका कोपऱ्यात जर्मन, आणि त्यावरून त्यांची भांडणं अजून मिटत नाहीत. आमच्याकडे तर ज्या भाषेत हुकूम निघायचा, ती बहुसंख्य लोकांच्या घरात नव्हतीच.

धारूर या देशाच्या पश्चिम अंगाला, बालाघाटाच्या डोंगरावर. तेलगावकडून येताना घाट चढून वर आलं की गाव. खाली गोदावरीच्या बाजूला काळी कसदार जमीन, वर आमच्याकडे माळ, मुरूम आणि सीताफळाची झाडं. (बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे इथे अभिमानाने नमूद करतो!) पाऊस बेभरवशाचा. भूगोलाचं पान इथे संपतं, पण ते पुढे पुन्हा उघडावं लागणार आहे.

आता इतिहास. धारूरचा किल्ला १५६७ साली आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने बांधला. दोन-तीन वर्षांत तो अहमदनगरच्या निजामशहाने घेतला, त्यात किश्वरखान मारला गेला. १६३१ च्या जानेवारीत मोगलांनी घेतला, तोही दक्षिणेतल्या भयंकर दुष्काळाच्या दिवसांत. फतेहाबाद हे धारूरचं जुनं नाव. लहानपणी आम्ही त्या तटावर चिंचा खात बसायचो तेव्हा एवढंच माहीत होतं की किल्ला 'मुसलमानांचा' आहे. कोणाकडून कोणी घेतला हे कोणी सांगितलं नाही. पहिली दोन्ही भांडणं मुसलमान राजांचीच आपसातली होती, हे फार उशिरा कळलं.

पुढे १७२४ साली निजाम-उल-मुल्कने साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाला मारलं आणि दख्खनमध्ये आपलं वेगळं राज्य उभं केलं. दिल्लीचं नाव राहिलं, सत्ता राहिली नाही. मराठ्यांनी त्याला कितीदा हरवलं! त्यातली एक लढाई आमच्याच जिल्ह्यातली, गोदावरीकाठच्या राक्षसभुवनची, १७६३ ची. दुसरी १७९५ ची खर्ड्याची, तीही इथून फार लांब नाही. पण प्रत्येक वेळी तह झाला, खंडणी ठरली, आणि आम्ही राहिलो ते निजामाकडेच. पुण्यात विजयाची तोफ उडाली असेल, धारूरच्या शेतकऱ्याचा सारा मात्र हैदराबादलाच जात राहिला. पलीकडचे लोक आम्हाला 'मोगलाईतले' म्हणायचे. आजी तर स्वतःच म्हणायची, "आपली मोगलाई."

हा देश म्हणजे नावाचा देश नव्हता. स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. साधारण सात हाली रुपये दिले की सहा इंग्रजी रुपये मिळत. स्वतःची टपाल तिकिटं १८६९ पासून. स्वतःची रेल्वे. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकात. स्वतःचं कॅलेंडरसुद्धा. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला आहे. उर्दूत, आणि त्यावर साल आहे १३४७. शाळेत असताना मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, आजोबा अल्लाउद्दीन खिलजीच्या आगेमागे शिकले की काय! नंतर कळलं, ते फसली साल. त्यात ५९० मिळवायचे की इसवी सन येतो. म्हणजे १९३७-३८. त्याच १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर निजाम मीर उस्मान अली खानांना छापलं होतं, जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून. आणि त्याच्या राज्यातला एक मराठी मुलगा उर्दूत पाढे पाठ करत होता.

आजोबांचं उर्दू अक्षर फार सुंदर होतं. पोथी वाचायचे मराठीत, हिशोब लिहायचे मोडीत, आणि अर्ज लिहायचे उर्दूत. गावातले लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायला यायचे. १९४८ नंतर ते येणं बंद झालं. ही गोष्ट त्यांना लागली होती का, हे मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने जाहीर केलं की आपण ना भारतात जाणार ना पाकिस्तानात. १५ ऑगस्टला सगळीकडे तिरंगा लागला, आमच्याकडे नाही. २९ नोव्हेंबरला भारताशी वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. मधल्या काळात लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार यांचा जोर वाढला. समोर स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस होती. मूळचे ते विजापूरकडच्या सिंदगीचे, पण आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे आमच्या भागाला ते आपलेच वाटतात. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून मुलांना काढून टाकलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूरने आसरा दिला. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही नावं पुढे याच लढ्यातून आली. नगर-सोलापूरच्या हद्दीवर कार्यकर्त्यांच्या छावण्या पडल्या. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे. १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांचं राज्य संपलं.

इथवर सगळं सोपं आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला हेच सांगतात. पण पुढचं सांगत नाहीत.

आजोबा रझाकारांच्या गोष्टी तासन्‌तास सांगायचे. रात्री गस्त कशी घालायचे, दाणे कुठे पुरले, बायकांना कुठे पाठवलं, सगळं. पण १७ सप्टेंबर आला की गोष्ट संपायची. "मग काय झालं?" म्हटलं की म्हणायचे, "मग काय, मोकळे झालो." आणि सुपारी कातरायला घ्यायचे. पुढे मोठेपणी पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. त्या शरणागतीनंतर नेहरूंनीच पाठवलेली समिती. तिच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सर्वाधिक मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत. रझाकारांशी काही संबंध नसलेलेही त्यात होते. तो अहवाल दाबून ठेवला गेला, २०१३ च्या सुमारास लोकांना पाहायला मिळाला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पडकं घर होतं. लहानपणी विचारलं तर आजी म्हणायची, "ते लोक गेले." कुठे गेले, कसे गेले, हे तिनेही सांगितलं नाही.

हे पोरीला लिहावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. नऊ-दहा वर्षांचं पोर. पण तिच्याच पुस्तकात बेल्जियमने काँगोत काय केलं तेही आहे, असं भाची म्हणाली. मग लिहिलं. रझाकारांचा जुलूम खरा होता, मुक्तीचा आनंद खरा होता, आणि नंतरचं तेही खरं होतं. तीन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली आणि मध्ये 'पण' घातलं नाही.

आता तिसरा भाग. आम्ही स्वतःला काय समजतो?

गंमत बघा. ज्ञानेश्वरांचं आपेगाव, नामदेवांची नरसी, एकनाथांचं पैठण, जनाबाईंचं गंगाखेड, गोरोबांचं तेर, रामदासांचं जांब, मुकुंदराजांचं अंबाजोगाई, सगळी आमच्या बाजूला. आणि पंढरपूर पलीकडे, इंग्रजी मुलखात. म्हणजे वारीला निघालेला माणूस विठोबाच्या नावाने सरहद्द ओलांडून परदेशात जायचा आणि काला करून परत यायचा! मराठी भाषा जिथे लहानाची मोठी झाली, तिथल्याच मुलांना पुढे ती शाळेत धड शिकायला मिळेना. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबादचे तीन तुकडे झाले, आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि १९६० ला महाराष्ट्रात. कुठलीही मोठी अट न घालता आलो, याचा अभिमान आमच्या आधीच्या पिढीला फार. १९५३ च्या नागपूर कराराची आठवण काढून 'मागास' म्हणून कळवळणं, हा मागच्या दोन पिढ्यांचा धंदा.

आणि 'आम्ही' म्हणजे तरी कोण? १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा कित्येक घरांतला पहिला शिकलेला माणूस तिथून बाहेर पडला. पण विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं १९७८ ला ठरलं आणि प्रत्यक्ष दिलं गेलं १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. मुक्ती एका तारखेला सगळ्यांची होत नाही.

भूगोलाचं पान पुन्हा उघडतो म्हणालो होतो. आजही दिवाळीच्या आगेमागे आमच्या तालुक्यातून ट्रकच्या ट्रक भरून निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बांधलेली माणसं, बायका-पोरं, शेळ्या-कोंबड्या, सगळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला. सहा महिने गाव रिकामं. करोडगिरीचा नाका कधीच उठला, पण ती जुनी सरहद्द पाण्याच्या रूपात अजून तिथेच आहे, असं मला वाटतं. बीडला रेल्वे येईल, येईल, म्हणत आजोबा गेले, वडील गेले. २०२५ च्या १७ सप्टेंबरला बीड ते अहिल्यानगर गाडी एकदाची सुरू झाली. तारीख मुद्दाम तीच. मी ती बातमी बघताना पेटीतल्या दाखल्याची आठवण झाली.

मेलेला देश तसा पुरता मरत नाही. लंडनच्या बँकेत १९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या खात्यातून पाकिस्तानच्या वकिलाकडे दहा लाख पौंड वळवले होते. त्याचा निकाल इंग्लंडच्या न्यायालयाने दिला २०१९ ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोवर ते साडेतीन कोटी पौंड झाले होते. आणि आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या तर सरकारला पुन्हा हैदराबादची दप्तरं उघडावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला. उर्दू आणि मोडी वाचणारे म्हातारे शोधत लोक गावोगाव फिरले. आजोबा असते तर दारात पुन्हा रांग लागली असती.

असो. पोरीने सगळं वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: "मामाआजोबा, मग पणजोबांना त्यांचा देश आवडायचा का?"

मी तिला लिहिलं, की त्यांना देश आवडत नव्हता, पण त्या देशात शिकलेली अक्षरं आवडायची. शेवटच्या आजारपणात पाटीवर बोटाने काहीतरी गिरवायचे. उजवीकडून डावीकडे. आम्ही समजायचो, हात थरथरतोय.

नातेवाईकांपैकी कोणाकडे जुने हाली सिक्के किंवा उर्दू कागद असतील तर टाकू नका. दिवाळीत गावी येतोय, तेव्हा दाखवा. आणि कोणी उर्दू वाचणारं माहीत असेल तर जरूर सांगा. त्या दाखल्याच्या मागे पेन्सिलीने चार ओळी आहेत. आमच्या घरात त्या आजवर कोणाला वाचता आलेल्या नाहीत.